हातावरची जाळी

शांतम्मांना दवाखान्यात आणलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. डॉक्टर भार्गवी डबा खाऊन नुकती कुठे टेकली होती, तेवढ्यात खालून फोन आला आणि ती हात न पुसताच जिना उतरली.

भार्गवी मूळची नांदेडची. सर्जरी तिथेच शिकली आणि गेल्या दीड वर्षापासून लातूरच्या एका खासगी दवाखान्यात डॉ. रविकिरण यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरीचं काम करत होती. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की हाताच्या जखमा येतातच, तिने त्या पुष्कळ पाहिल्या होत्या. तरी ही जखम बघून तिला दोनदा वाकून पाहावं लागलं. शिरूर अनंतपाळजवळच्या गावची बाई, वय पंचेचाळीसच्या पुढे. मळणीयंत्रात काड लोटताना पदराचं टोक फिरत्या पट्ट्यात गेलं, ते सोडवायला डावा हात पुढे झाला. हाडं वाचली, बोटं वाचली. पण मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत हाताच्या पाठीवरची कातडी हातमोजा उलटा काढावा तशी सोलून निघाली होती. ज्या पांढऱ्या दोऱ्यांवर बोटं वर उचलली जातात, त्या कंडरा उघड्या पडल्या होत्या.

उघड्या कंडरेवर नुसती कातडी लावली तर ती धरत नाही, आणि धरली तरी अशी चिकटून बसते की बोटं जन्मभर आखडतात. मधे मऊ थर लागतो. डॉ. रविकिरणनी जखम पाहिली आणि तिथेच ठरवलं : धुऊन स्वच्छ करायची, वर जाळीचा पडदा लावायचा, तीन आठवडे थांबायचं. त्या जाळीच्या पोकळ्यांतून बाईंच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या वर येतील, नवा थर तयार होईल, मग त्यावर मांडीची पातळ कातडी. घरच्यांना समजावून सही घ्यायचं काम भार्गवीकडे आलं.

शांतम्मांचे यजमान महादेवप्पा दालनाबाहेर उभे होते. केसांत भुसकट, कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे घामाने अर्धे पुसलेले. खिडकीतून शेजारच्या इमारतीचं बांधकाम दिसत होतं. भार्गवीने तिकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, भिंत बांधताना आधी परांची बांधतात ना, तसंच हे. आम्ही परांची लावणार, तिच्या आधाराने शरीर स्वतःची भिंत बांधणार. काम झालं की परांची शरीरच विरघळवून टाकतं.

महादेवप्पांना ते चटकन समजलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "परांची ठीक हाय म्याडम. पर बांबू कशाचं हायत?"

भार्गवीला ठाऊक होतं. त्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : गाईगुरांच्या कंडरेतून काढलेलं कोलॅजन. तिने भस्माचे पट्टे पाहिले होते, बाईंच्या गळ्यातली चांदीची डबी पाहिली होती. हे लिंगायत घर आहे, हे तिला न सांगता कळलं होतं. आणि हेही कळत होतं की आता खरं सांगितलं तर फोन होतील, गावाकडून चारचौघं निघतील, बसून विचार होईल आणि तोवर जखम घाण होईल.

"प्रथिनांचे," ती म्हणाली. "प्रोटीनचे. कारखान्यात तयार होतात."

महादेवप्पांनी सही केली. सगळं मिळून चार मिनिटंही लागली नसतील. शांतम्मा आत शुद्धीवर होत्या, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही.

शस्त्रक्रियागृहाच्या दारात थोडा खोळंबा झाला. अंगावर धातू चालत नाही, आणि शांतम्मा गळ्यातलं इष्टलिंग काढायला तयार नव्हत्या. ते अंगावेगळं करायचं नसतं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. वॉर्डातल्या कोंडाबाई मावशींनी तोड काढली. चांदीची डबी महादेवप्पांकडे दिली आणि लिंग धुतलेल्या फडक्यात गुंडाळून उजव्या दंडाला बांधलं. पुढे सगळं सरळ झालं. स्वच्छ केलेल्या हातावर सरांनी तो पांढुरका, ओल्या टिपकागदासारखा पडदा बेतून बसवला. भार्गवीने कडेकडेने टाके घातले. काम इतकं सुबक झालं की सरांनी तिला शाबासकी दिली. तो गुरुवार होता.

शनिवारी सकाळी राउंडला ती खोलीत शिरली तेव्हा शांतम्मा कॅप्सूल उघडत होत्या. एका हाताने आणि दातांनी टोपण सोडवून त्यांनी आतली पूड चमच्यातल्या मधात ओतली आणि रिकामी टरफलं कागदात गुंडाळून बाजूला टाकली.

भार्गवीने विचारलं, हे काय. शांतम्मा संकोचल्या. त्यांचा भाचा उदगीरला औषधाच्या दुकानात होता. त्यानं सांगितलं होतं, टरफल जनावराच्या हाडाकातड्याचं असतं. तेव्हापासून घरात कुणी आजारी पडलं तरी कॅप्सूल अशीच घ्यायची. "औसदाला न्हाई म्हणत न्हाई ताई," त्या म्हणाल्या, "पर टाळता येतंय ते टाळावं मनून."

मग त्यांनी बांधलेला हात थोडा उचलला. लिंगपूजा डाव्या तळव्यावर लिंग घेऊन करायची असते. सध्या त्या उजव्या तळव्यावर घेऊन नुसतं डोळे मिटून बसत होत्या, पण त्यात मन लागत नव्हतं. हा हात पहिल्यासारखा पुढं धरता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"येईल," भार्गवी म्हणाली आणि खोलीबाहेर आली. पुढच्या खोलीत कुठला पेशंट आहे हे तिला दारावरचा कागद वाचूनही कळेना.

त्या दिवशी तिला एका जागी बसवेना. ओपीडीत पेशंट समोर असताना ती मधेच उठून वरच्या मजल्यावर जाऊन यायची. वर जायची आणि खोलीच्या दारातूनच परतायची. भाड्याच्या खोलीवर दूध गॅसवर ठेवून ती गच्चीत फेऱ्या मारत राहिली आणि पातेलं करपलं. त्याच संध्याकाळी तिने सरांना गाठलं. ते गाडीत बसत होते.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, फॉर्मवर कोलॅजन लिहिलेलं आहे आणि सही झालेली आहे. अशा बाबतीत ते वीस वर्षं लोकांचे हात वाचवत आलेत आणि प्रत्येकाला खोक्यावरचं वाचून दाखवत बसले असते तर निम्मे हात गेले असते. "आता तीन आठवडे त्या बाईला शांत राहू दे," ते म्हणाले. "आणि तूही रहा."

रविवारी पहाटेच्या एसटीने ती नांदेडला गेली. अहमदपूर, लोहा, मग गोदावरीचा पूल. एरवी बसमध्ये बसल्या बसल्या झोपणारी भार्गवी साडेतीन तास खिडकीची काच खालीवर करत होती. घरी आईने मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. तिने चार घास खाल्ले आणि ताट घेऊन बाबांच्या समोर बसून सगळं सांगितलं.

बाबा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. हजारो शपथपत्रं त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांनी पहिला प्रश्न कागदाचाच विचारला. कागद आहे म्हटल्यावर म्हणाले, मग कायद्याने तू मोकळी आहेस.

ती म्हणाली, कायद्याचं विचारायला एवढ्या लांब आले नाही.

बाबांनी चष्मा काढला.  मग त्यांनी विचारलं, "सांगितलंस तर तिच्या हाताला काही उपयोग होणार आहे?"

"नाही."

"मग कुणाला होणार आहे? तुला झोप लागेल. तिची जाईल. तुझं ओझं उचलून तिच्या डोक्यावर द्यायचं, तेही ती पडून असताना. याला खरं बोलणं म्हणायचं का, तूच बघ."

 बाबांचं म्हणणं तिला चुकीचं वाटलं नाही, आणि त्यानेच ती जास्त बेचैन झाली. चुकीचं असतं तर तिने भांडून टाकलं असतं. आई मुक्कामाला रहा म्हणत होती, पण ती दुपारच्याच गाडीने निघाली. परतीच्या वाटेवर तिने मनाशी ठरवलं की सांगायचं नाही. अहमदपूर येईपर्यंत ठरवलं की सांगायचं. लातूरला उतरली तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

सोमवारी तिने एक आगळीक केली. पट्टी बुधवारी उघडायची असं सरांनी लिहून ठेवलं होतं. तिने ती सोमवारीच उघडली. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पडदा धरतोय की नाही हे तिला बघायचं होतं, किंवा धरत नसला तर बरं असंही कुठेतरी वाटत असावं. पडदा छान बसला होता. कडेला फिकट गुलाबी झाक येऊ लागली होती. तिने पुन्हा घट्ट पट्टी बांधली. शांतम्मा तिच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "चांगलं हाय न्हवं?" ती म्हणाली, चांगलं आहे. बुधवारी सरांनी उघडून पाहिलं आणि तेही तेच म्हणाले.

नवव्या दिवशी, शनिवारी, अंगठ्याच्या बाजूचा कोपरा काळपट दिसला. पडद्याखाली रक्त साचून तो उचलला गेला होता. दोन रुपयांच्या तीन नाण्यांएवढी जागा. तिथली जाळी मेली होती आणि खालची कंडरा पुन्हा उघडी पडणार होती. बाकी सगळीकडे पडदा पीच फळाच्या गरासारखा फिकट केशरी रंग धरून बसला होता. असा कोपरा कशानेही सुटू शकतो : हात आपटला, पट्टी सैल झाली, नशीब. सोमवारच्या त्या उघडझापीने सुटला का, हे भार्गवीला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

सर म्हणाले, सोमवारी सकाळी तेवढा भाग काढून नवा तुकडा लावू. आधीचीच संमती चालेल.

"मी सांगितल्याशिवाय लावणार नाही," भार्गवी म्हणाली.

 सरांनी हात धुतले, पुसले. मग म्हणाले, "सांग. पण लक्षात ठेव, कंडरा वाळली तर अंगठा जाईल. तेव्हा त्या घरच्यांसमोर उभं राहायला मला बोलावू नकोस."

तिने आधी हैदराबादला फोन लावले. अशी जाळी पूर्ण कृत्रिमही मिळते, जनावराचा अंशही नसलेली. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर तीन दिवसांत आली असती. आता दोन पुरवठादारांकडे नव्हती आणि तिसरा म्हणाला, बारा दिवस लागतील. कंडरा बारा दिवस थांबणार नव्हती. फोन ठेवून ती तशीच उठली. पुन्हा बसले तर जाणं होणार नाही, हे तिला माहीत होतं.

महादेवप्पा खोलीतच होते, सफरचंद कापत. भार्गवीने दार लावून घेतलं आणि खाटेजवळ उभी राहिली.

"शांतम्मा, तुमच्या हातावर जे लावलंय त्यातली एक गोष्ट मी सांगितली नव्हती. ती जाळी गुरांच्या शरीरातून काढलेल्या पदार्थापासून बनते. गाईबैलांच्या."

महादेवप्पांची सुरी थांबली. शांतम्मांनी हाताकडे पाहिलं नाही. त्या भार्गवीकडेच बघत होत्या.

"तुमाला लावायच्या आदी ठावं होतं?"

"हो."

"मालकानं इचारलं तवा?"

"तेव्हाही. मी अर्धंच सांगितलं."

 शांतम्मांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"मालकाला अर्धं तरी सांगितलं. मला तर इचारलंबी न्हाई. मी शुद्धीवर होते ताई. हात माझा होता."

भार्गवीने वाटेत येताना पुष्कळ उत्तरं जुळवली होती. गाईचा जीव यासाठी घेतला जातो का, हात अपवित्र झाला का, प्रायश्चित्त काय, असे प्रश्न येतील असं तिला वाटलं होतं. हे तिने धरलंच नव्हतं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणू शकली.

महादेवप्पा उठून बाहेर गेले. वऱ्हांड्यातून त्यांचा फोनवरचा आवाज येत राहिला, कानडीत, भराभर. आत भार्गवीने कोपऱ्याचं सांगितलं. तीन वाटा होत्या, त्या तिन्ही तिने एकही शब्द न गाळता सांगितल्या. त्याच जाळीचा नवा तुकडा : सोपं, लवकर. काहीच न करणं : अंगठा उचलणारी कंडरा जाईल. किंवा पोटाखालची, जांघेजवळची स्वतःचीच कातडी चरबीसकट उचलायची, एका बाजूने अंगाला जोडलेली ठेवायची आणि हातावर शिवायची. मग तीन आठवडे हात कमरेला शिवलेला राहील. कूस बदलता येणार नाही, जेवणखाण, अंघोळ सगळं दुसऱ्याच्या हाताने. खांदा असा धरेल की रडू येईल.

"अन् लागलंय ते?" शांतम्मांनी विचारलं. "ते काडता येतंय का?"

"येतं. पण त्यात तुमच्या रक्तवाहिन्या गेल्यात. काढलं तर तेही जाईल आणि सगळा हात पुन्हा उघडा पडेल."

शांतम्मांनी उद्या दुपारपर्यंतचा वेळ मागितला.

संध्याकाळपर्यंत गावाकडून दोन दीर आणि एक वडीलधारे गृहस्थ, गुंडप्पा, आले. वऱ्हांड्यात आवाज चढले. मोठे दीर म्हणत होते, आत्ताच्या आत्ता सोलापूरला हलवा. महादेवप्पा म्हणत होते, या डाक्टरबाईचं नाव लिहून तक्रार करायची. भार्गवी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जे खोलीत सांगितलं तेच पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलं.  कुणीतरी तिला फार लागेल असं बोललं, तेही तिने ऐकून घेतलं. गुंडप्पा मात्र सरळ आत गेले आणि शांतम्मांशी बराच वेळ बोलून आले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी शांतम्मांनी भार्गवीला बोलावून घेतलं. खोलीत दीरही होते, पण बोलल्या त्याच.

"धरलंय ते काडू नका. त्यात माझं रगत फिरून राहिलंय म्हणता, आता ते काडणं म्हंजी माझंच काडणं. पर नवं लावायचं न्हाई. ते कमरेचं करा."

मोठे दीर काही बोलायला गेले. शांतम्मांनी त्यांच्याकडे न बघता उजवा हात थोडा वर केला आणि ते थांबले.

सोमवारी सरांनी शस्त्रक्रिया केली.  पोटावरची कातडी उचलताना भार्गवी घाई करू लागली तेव्हा ते म्हणाले, "सावकाश."

ते तीन आठवडे भार्गवी विसरणार नव्हती. शांतम्मांचा डावा हात कमरेशी शिवलेला, वर पट्ट्यांचा वेढा. दिवाळी त्यातच आली आणि गेली. कोंडाबाई मावशी त्यांची वेणी घालायच्या, घास भरवायच्या, पाठीखाली हात घालून पाठ चोळायच्या. भार्गवी रोज दोनदा जायची. बोटं आखडू नयेत म्हणून पेरं न पेरं हलवायची असत, ते काम तिने फिजिओथेरपीवाल्याकडे न सोपवता स्वतःकडे घेतलं. ती बोटं हलवायची तेव्हा शांतम्मा भिंतीकडे तोंड करायच्या. पहिले आठ दिवस त्या तिच्याशी बोलल्याच नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "खांद्यात लई रग लागली." भार्गवीने उशी वेगळी लावून दिली. नंतर तेवढं बोलणं रोज होऊ लागलं : रग, खाज, झोप. त्यापलीकडे काही नाही.

याच दिवसांत महादेवप्पांची लेखी तक्रार आली. व्यवस्थापनाने भार्गवीकडे उत्तर मागितलं आणि कसं लिहायचं त्याचा मसुदाही सोबत दिला. त्यात "संमतीपत्रात घटकाचा उल्लेख होता" असं वाक्य होतं. ते वाक्य खरं होतं. भार्गवीने मसुदा बाजूला ठेवला आणि आपल्या शब्दांत लिहिलं : नातेवाइकांनी स्पष्ट विचारलं होतं, मला उत्तर माहीत होतं, मी ते दिलं नाही, आणि रुग्ण शुद्धीवर असून तिला विचारलं नाही. कागद देण्याआधी तिने तो सरांना दाखवला. नोकरी जाणार असेल तर त्यांना आधी कळलेलं बरं.

सरांनी तो दोनदा वाचला. "यात माझं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

"बोलले मी होते, सर."

"फॉर्मवर सर्जन म्हणून सही कुणाची आहे?" त्यांनी खिशातलं पेन काढलं, खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. त्या दोन ओळी काय होत्या ते तिने जिन्यात थांबून वाचलं. असा प्रश्न टाळण्याची पद्धत आपल्याच विभागाची आहे, आणि ती आपणच पाडली, असं त्यांनी लिहिलं होतं. नोकरी गेली नाही. दोघांनाही ताकीद मिळाली. सर तिच्याशी पूर्वीसारखे मोकळे मात्र पुन्हा झाले नाहीत. पण पुढच्या महिन्यात देगलूरकडच्या एका भाजलेल्या माणसाला ते स्वतः खुर्ची ओढून, जाळी कशाची आहे ते सांगत असताना तिने ऐकलं. तो माणूस म्हणाला, कशाची का असेना, लावा. सरांनी तरी पुन्हा एकदा सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटाला शांतम्मांचा हात कमरेपासून सोडवला. जाळी झाकायला तिच्यावर पहिल्यापासून असलेला सिलिकॉनचा पातळ थर काढून त्यावर मांडीची पातळ कातडी लावली. ती धरली. अंगठ्याकडचा तुकडा जाडसर, फुगीर राहिला, पोटाची कातडी ती. पण कंडरा वाचली. घरी जाताना महादेवप्पांनी सरांना नमस्कार केला, भार्गवीला केला नाही.

जानेवारीत शांतम्मा तपासणीला आल्या त्या एकट्याच, शिरूरच्या बसने. भार्गवीने हात टेबलावर घेतला. बोटं मुठीपर्यंत येत होती, मूठ घट्ट होत नव्हती. अंगठा उचलला जात होता. हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून हलवली तर खालून सुटी सरकत होती. असं सरकणंच हवं होतं. काम उत्तम झालं होतं, आणि ते बोलून दाखवायला तिची जीभ रेटेना.

"ती जाळी," शांतम्मा म्हणाल्या, "तुमी मालकाला म्हणला हुता, शरीर ती विरघळवतंय. किती दिसांत?"

भार्गवीच्या मनात आकडे आले. पुस्तकात आकडे असतात. एखादा ठोक आकडा सांगितला असता तर बाई तो धरून उठल्या असत्या, आणि दोघींचंही काम झालं असतं.

"नेमकं कुणालाच सांगता येत नाही," ती म्हणाली. "काही महिने. कुणाला कमी, कुणाला जास्त. संपली का, हे बाहेरून बघायचं साधन माझ्याकडे नाही."

"पाच म्हयने म्हणला असता तर मी पाच धरले असते."

"माहीत आहे. म्हणूनच म्हटलं नाही."

शांतम्मांनी हात मागे घेतला, पदराखाली ठेवला. मग म्हणाल्या, हे सगळं लिहून द्या. मराठीत. काय लावलं, कधी लावलं, कशाचं होतं, आणि किती दिवसांनी जाईल ते सांगता येत नाही, हेही.

भार्गवीने लेटरहेड घेतलं आणि लिहिलं. शांतम्मा सातवी शिकलेल्या होत्या. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि एका शब्दावर थांबल्या.

"प्राणिजन्य म्हंजी?"

"जनावरापासून आलेलं."

"मग तसंच लिवा की."

भार्गवीने तो शब्द खोडला, वर लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली. शांतम्मांनी कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. त्याचं काय करणार हे त्यांनी सांगितलं नाही. मार्चमध्ये या, असं भार्गवी म्हणाली, तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या आणि निघाल्या.

मार्चमध्ये त्या आल्या. मे महिन्यातही आल्या, येताना चिंच कुटून केलेलं घरचं बोटूक घेऊन आल्या, ते त्यांनी कोंडाबाई मावशींना दिलं. मूठ आता घट्ट होत होती. पूजा कुठल्या हातावर चालली आहे, हे त्या आपण होऊन बोलल्या नाहीत. दोन्ही वेळा भार्गवीच्या ओठांपर्यंत प्रश्न आला. दोन्ही वेळा तिने बोटं मोजली, कोन मोजला, कागदावर लिहिलं, आणि पुढची तारीख दिली.